चौथ्या ओळीवरची निवृत्ती

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पाणीपुरवठा महामंडळाचे विभागीय व्यवस्थापक माननीय शिवराज काळदाते साहेब, त्यांच्या शेजारी विराजमान असलेले कर्मचारी संघटनेचे सुदर्शनभाऊ, सभागृहात जमलेले माझे सर्व सहकारी, बंधू आणि भगिनींनो, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई लक्ष्मीबाई आणि माझी पत्नी मनकर्णा. आई पहिल्या रांगेत आहे असं मला सांगण्यात आलंय, म्हणून मी तोंड तिकडं केलंय. मी भिंतीकडं पाहून बोलत असेन तर कुणीतरी खाकरा, म्हणजे मी वळेन.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही माझं इतकं कौतुक केलं, की आपण कुणा दुसऱ्याच्या समारंभात तर येऊन बसलो नाही ना, अशी शंका मला आली. सुदर्शनभाऊ म्हणाले, "आजच्या काळात आईच्या डोळ्यांसाठी नोकरीवर पाणी सोडणारा मुलगा दाखवा!" टाळ्या झाल्या. आईनं नाक ओढलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं. भाऊ, तुमच्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. पण तो मुलगा मी नव्हे. ते कसं, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे. साहेबांनी मला दहा मिनिटं दिलीत. थोडी जास्त लागतील.

मी रामकिसन वाघचौरे. मूळचा बिडकीनजवळचा, आता मुकुंदवाडीत राहतो. जन्मापासून मला दिसत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. अकरा वर्षं जिन्याखालच्या खोलीत फोन उचलत होतो. "साहेब बैठकीत आहेत" हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, याचा हिशोब देवाकडंही नसेल. मग स्क्रीन रीडर नावाचा प्रकार निघाला. म्हणजे पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा संगणकातला आवाज. मी तेव्हाच्या साहेबांच्या मागं लागलो, त्यांच्यानंतरच्या साहेबांच्या मागं लागलो, शेवटी संगणक मिळाला आणि मी तक्रार निवारण कक्षात लिपिक झालो. त्या वेळी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला होता. त्यात माझंच वाक्य आहे: "संगणकावर काम करताना मला कोणाच्याही मदतीची गरज पडणार नाही." तो कागद माझ्या सेवापुस्तकात लावलेला आहे. त्या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

त्या आवाजाला आपल्या कक्षात सगळे 'बाई' म्हणतात. बाई आहे गुणाची, पण लहरी. नीट चालली तर पैठणपासून इकडं कुठल्या गल्लीत किती दिवस पाणी नाही, ते घडाघडा वाचते. पण पोर्टलमध्ये कुणी काही बदललं की बाईची वाचा बसते. चित्राचं बटण आलं आणि त्याला नाव द्यायचं कुणी विसरलं, की ती नुसती म्हणते, "बटण." पुढं गेलं की, "बटण." त्याच्या पुढं, "बटण." आता यातलं कुठलं तक्रार पुढं पाठवण्याचं आणि कुठलं काढून टाकण्याचं, हे मी कसं ओळखावं? कधी ती मध्येच गप्प होते. मग संगणक बंद करून चालू करायचा आणि ती बोलेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. त्या वेळी शेजारून जाणाऱ्याला वाटतं, वाघचौरे आराम करतायत.

यावर आम्ही न दिसणाऱ्या लोकांनी एक तोड काढली आहे. मोजायचं. टॅबचं बटण चार वेळा, मग एंटर. खालचा बाण तीन वेळा, मग एंटर. कुठलं काम कितव्या ठोक्याला, ते सगळं पाठ. बाई बोलली तर उत्तम, नाही बोलली तरी बोटं चालू. पंधरा वर्षं मी असं काम केलं आणि तुम्ही म्हणत राहिलात, "वाघचौरे काय झपाझप काम करतात!" मीही कधी सांगितलं नाही की बाई निम्म्या वेळेला मुकी असते. का सांगावं? कागदावर लिहून दिलं होतं ना.

तीन महिन्यांपूर्वी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मला तीन दिवसांची रजा हवी होती. आदल्याच आठवड्यात पोर्टल नवीन झालं होतं. अर्जाचा प्रकार निवडायची यादी उघडली, बाई गप्प. पण मला यादी पाठ होती. अर्जित रजा चौथ्या ओळीवर. बाण चार वेळा, एंटर. कारण लिहिलं, "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन." अटी मान्य आहेत, तिथं खूण केली. अटी बाईनं वाचल्या नाहीत. तशा तुम्हीही कुणी वाचत नाही. मोबाईलवर आकडे आले ते टाकले. आणि तेवढ्यात बाईला वाचा फुटली. गोड आवाजात म्हणाली, "आपला अर्ज स्वीकारला आहे." मी तिचे आभार मानले.

मंडळी, त्या यादीत वरती एक नवीन ओळ आली होती. त्यामुळं रजा पाचवर गेली आणि चौथ्या ओळीवर आली स्वेच्छानिवृत्ती.

कुणी हसलं का? हसा, मी रागावत नाही. मीही आधी हसलोच होतो. अर्ज साहेबांकडं गेला. साहेबांनी आईचं कारण वाचलं, त्यांचं मन भरून आलं आणि त्यांनी मान्यतेचं बटण दाबलं. साहेबांना तर ते बटण दिसत होतं. मला बोलावून एकदा विचारलं असतं तर... असो. राग नसावा साहेब, मी आपल्याला दोष देत नाही.

मला कळलं पंधरा दिवसांनी. आवक-जावक विभागातला आपला चांदपाशा माझ्याबरोबरच नोकरीला लागला. तो चहाच्या वेळी आला आणि पाठीत धपाटा घालून म्हणाला, "क्या रे रामकिसन, नौकरी छोड रा क्या? मेरेकू बोल्या बी नै!" मी म्हटलं, कसली नोकरी? त्यानं मला आदेश वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला मी त्याला. मग खुर्ची कुठल्या बाजूला आहे हे मला सुचेना.

आता तुम्ही म्हणाल, वाघचौरे, त्याच दिवशी साहेबांकडं का गेला नाहीत? गेलो होतो. दाराशी उभा राहिलो. आत बैठक चालली होती, आणि विषय होता आपल्या कक्षातल्या निलोफरचा. निलोफर तिकडं तिसऱ्या रांगेत बसली आहे; तिलाही दिसत नाही, तिला लागून वर्ष झालंय. आत कुणीतरी म्हणत होतं, नाव घेत नाही, "अशा लोकांकडं पोर्टल देणं म्हणजे जोखीम आहे. काही उलटसुलट दाबलं तर जबाबदार कोण? फोनवर बसवा." आणि साहेब म्हणाले, "वाघचौरेंचं तर पंधरा वर्षांत काही चुकलं नाही."

सांगा, मी आत जाऊन काय बोलायचं? "साहेब, चुकलं. साधी रजा मागायला गेलो आणि नोकरी सोडून बसलो"? त्याच संध्याकाळी त्या पोरीचा संगणक उचलला गेला असता आणि तिला जिन्याखालची खोली मिळाली असती. ती खोली मला माहीत आहे. तिथं पंखा आहे, खिडकी नाही. मी दारातून परत फिरलो.

मग ठरवलं, गुपचूप आपली आपण माघार घ्यायची. नियमच आहे: नोटिशीची मुदत संपायच्या आत सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनं अर्ज मागं घेता येतो. पोर्टलमध्ये माझा अर्ज उघडला. बाईनं वाचलं, "बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण." सात. त्यातलं एक माघारीचं. पण एखादं तात्काळ कार्यमुक्तीचंही असेल, या भीतीनं बोट खाली जाईना. मदतकेंद्राला फोन लावला. तिथला मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, वर लाल बटण दिसतंय ना, ते दाबा." मी म्हटलं, बाळा, मला दिसत नाही. तो म्हणाला, "ठीक आहे सर, मग निळ्याच्या शेजारचं दाबा." एकदा म्हणाला, पडद्याचा फोटो पाठवा. रोज कार्यालय उघडलं की मी त्या सात बटणांवरून एकदा जाऊन यायचो आणि परत पहिल्यावर यायचो. शेजारी वीस माणसं डोळस. कुणालाही "जरा बघता का" म्हटलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ते अर्धं मिनिट माझ्या तोंडातून निघालं नाही.

घरी आईचं ऑपरेशन छान झालं. पट्टी काढली, तिला दिसायला लागलं, आणि शेजारणीनं तिला सांगितलं की रामकिसननं तुझ्यासाठी नोकरी सोडली. तेव्हापासून आई जेवेना. मला म्हणाली, "माझ्या एका डोळ्यापायी भाकरी सोडली व्हय रं? मला नगं होतं दिसायला." मी तिलाही खरं सांगितलं नाही. आई, आज सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्यामुळं काही झालेलं नाही. आज घरी गेल्यावर पोटभर जेव.

तर असं करत करत नव्वद दिवस सरत आले. मी मनाची समजूत घातली होती, की चला, आपण गेलो तरी पोरीची जागा राहिली. आणि गेल्या सोमवारी निलोफर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या परवानगीनं सांगतो. म्हणाली, "चाचा, तुम्ही चाललात, मी पण चालले. माझ्याच्यानं नाय होत." मी विचारलं, काय झालं? तर मुकुंदवाडीच्या एका म्हातारीची तक्रार तिनं पुढं पाठवायची म्हणून बटण दाबलं, आणि ती तक्रार 'निकाली' निघाली. बाई बोललीच नव्हती. ती म्हातारी नऊ दिवस पाण्याविना राहिली. निलोफर रडत म्हणाली, "मी पण मोजूनच दाबते चाचा. पण तुमचं कधी चुकत नाय. तुमच्यासारखं मला येत नाय. मी लई घाबरते. राजीनामा लिहून ठेवलाय."

मंडळी, मला त्या क्षणी माझी लाज वाटली. तीन महिने मी समजत होतो की गप्प राहून मी या पोरीला सांभाळतोय. आणि ती बिचारी माझ्याकडं बघून स्वतःला नालायक समजत होती. माझ्या न चुकण्यानं तिचा गळा आवळला होता. आणि नऊ दिवस पाण्यावाचून राहिली ती म्हातारी, जिला यातलं काहीच माहीत नाही.

मी तिला तिथंच सगळं सांगितलं. चौथी ओळ, सात बटणं, सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाचा, मग तुम्ही बोलत का नाय?" म्हणून आज बोलतोय.

अध्यक्ष महोदय, आता माझ्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. कार्यालय सव्वासहाला सुटतं. तोवर मी आपला कर्मचारी आहे आणि माझी मुदत संपलेली नाही. माझ्या खिशात एक अर्ज आहे. तो मी पोर्टलवर केलेला नाही, ब्रेलमध्ये टोचून आणला आहे. हा घ्या. साहेब, तो आपल्याला वाचता येणार नाही. सुदर्शनभाऊंनाही येणार नाही. या सभागृहात तो वाचता येणारी माणसं दोनच आहेत, एक मी आणि दुसरी निलोफर. आपल्याला आमची मदत घ्यावी लागेल. मदत घेण्यात कमीपणा नसतो साहेब. मला ते कळायला सव्वीस वर्षं लागली.

निलोफर, ये इकडं पुढं. कुणीतरी तिला व्यासपीठापर्यंत सोबत करा. वाच बेटा, मोठ्यानं वाच.

"मी, रामकिसन कडूबा वाघचौरे, स्वेच्छानिवृत्तीचा माझा अर्ज मागे घेत आहे. तो अर्ज माझ्या इच्छेने झालेला नाही. तसेच, मला कोणाच्याही मदतीची गरज पडणार नाही असे जे मी पूर्वी लिहून दिले होते, तेही मागे घेत आहे. मला मदतीची गरज पडते. पोर्टलमधल्या प्रत्येक बटणाला नाव द्यावे, आणि ते देईपर्यंत आम्हा दोघांना विचारायला एक डोळस माणूस नेमून द्यावा. त्यानंतरही आमच्याकडून चूक झाली, तर ती चूक म्हणून मोजावी, आमचे आंधळेपण म्हणून मोजू नये."

शाब्बास. आता आभार. साहेबांचे आभार, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. सुदर्शनभाऊंचे आभार, त्यांचं भाषण मी थोडं वाया घालवलं. मनकर्णाचे आभार, कारण तिला हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि ती रोज मला "आज तरी बोला" म्हणून डबा देत होती. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्यावं. ती चूक खरोखर माझी आहे.

आणि चांदपाशा, तुला आवक रजिस्टर आणि शिक्का घेऊन यायला सांगितलं होतं, ते मस्करीत नव्हतं. साहेबांची हरकत नसेल तर या अर्जाला आवक क्रमांक दे. मंजूर करायचा की नाही, ते साहेब ठरवतील. पण तो आला, एवढी नोंद आज झाली पाहिजे. मला पोच दाखवू नकोस, ती मला दिसायची नाही. शिक्का जरा जोरात मार. तो आवाज ऐकू आला की मी खाली बसतो.