बिबट्याचे शेवटचे तीन सेकंद

शेपूट—मला पहिल्यांदा खटकली ती शेपूट, मॅडम. म्हणजे नसलेली. बसा ना तुम्ही, सोसायटीचे सेक्रेटरी येतीलच, ते मागे चॅनेलवाल्यांना भिंत दाखवतायत—तर बिबट्याला शेपूट हवी ना? तुम्ही फॉरेस्टच्या, तुम्हाला मी काय सांगणार, पण व्हिडिओत ह्याला शेपटीच्या जागी काय होतं? मरून रंगाची पट्टी. सॅटिनची. चकाकत होती चक्क—आई गं! ...काही नाही, प्रिंटर. आपोआप सुरू होतो मेला. मी लगेच दचकते, लहानपणापासून. एक मिनिट हं, एक फोन लावून बघते... बंद. सकाळपासून सत्तावीस वेळा लावलाय.

व्हिडिओ कोणी काढला? ते 'आपलं मुलुंड' नावाचं एक पेज आहे ना, त्यावर आला. कोण चालवतं? चालवतं कोणीतरी... मी चालवते. पण तसं पेज नाही ते, खरंच! गेल्या महिन्यात मी त्यावर 'शेजारी बिबट्या' अशी मालिका टाकली होती—अकरा दिवस घातले, चित्रं स्वतः काढली, पाड्यावरच्या द्रौपदीआजींना जाऊन भेटले, त्या म्हणाल्या, आम्ही त्याच्या वाटेला जात नाय, तो आमच्या वाटेला येत नाय—किती छान ना? आणि पहिलीच ओळ काय होती माहितीये? 'आधी खात्री करा, मग ओरडा.' लाइक किती आले? त्रेचाळीस. त्यातले पाच आईचे. तिची पाच खाती आहेत, पासवर्ड विसरली की नवीन उघडते. आणि ती बी विंगमधली मनाली—तिने गटारात पडलेल्या स्कूटरचा व्हिडिओ टाकला, सात सेकंद, साठ हजार! वर लिफ्टमध्ये मला म्हणते, तू करतेस छान गं श्रुतिका, पण लोक वाचेपर्यंत शिळं होतं यार. अहो, बिबट्या शिळा होतो का?

तर परवा संध्याकाळी सव्वासातला मी गॅलरीत, आणि मागच्या भिंतीवर ठिपके हलले. पलीकडे जंगलच, म्हटलं बिबट्याच. फोन हातातच होता, बारा सेकंद काढला—आणि समोर बघते तर मनाली तिच्या खिडकीत, तिचाही फोन वर! आता विचार करायला वेळ होता का, तुम्हीच सांगा. टाकला. नऊ सेकंदांचा. ...हो, काढला बारा, टाकला नऊ. का म्हणजे—लहान असला की जास्त चालतो, सगळेच म्हणतात. शेवटच्या तीनमध्ये काही विशेष नव्हतं. वारा आला. आणि वाऱ्याने तो उलटा झाला. आणि उलट्या बाजूला गुलाब होते.

हसू नका ना, मॅडम.

विमलाकाकूंचं ब्लँकेट. जावयाने पानिपतहून आणलेलं—एका बाजूला ठिपके, एका बाजूला गुलाब. भिंतीवर वाळत घालायला सोसायटीची बंदी आहे, म्हणून काकू अंधार पडला की गुपचूप घालतात. मला टाकल्यावर मिनिटभराने कळलं. म्हणजे... आधीच कळलं होतं, मिनिटभराने पटलं. तोवर अकराशे झाले होते. म्हटलं काढते, आत्ता काढते, फक्त दोन हजार होऊ देत—नाही, असं नाही म्हटलं. असंच म्हटलं. सकाळी तीन लाख चाळीस हजार. मग काय, वाट लागली. शाळेच्या व्हॅन बंद, पिंजरा लावा म्हणून सह्या सुरू, आणि खुद्द विमलाकाकू चॅनेलला सांगतायत—मी डोळ्यांनी पाहिला, मला बघून गुरगुरला! ब्लँकेट, मॅडम! ज्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही!

इथपर्यंत मीही हसले असते. पण सहदेवकाका—आमचे वॉचमन, सतरा वर्षं गेटवर—त्यांना सेक्रेटरी म्हणाले, बिबट्या आला आणि तुम्ही झोपलेले. काका म्हणाले, मी हयच होतंय, माका कायच दिसाक नाय. अख्ख्या मुलुंडमध्ये खरं बोलणारा एकच माणूस, आणि काल त्यालाच काढलं. का? तर व्हिडिओ आहे ना! वर काकूंचं ब्लँकेट सापडेना, तेही ह्यांनीच नेलं म्हणे. कमिटीचं डोकं बघा—बिबट्या आला तेव्हा हा माणूस झोपलेला, आणि त्याच दहा मिनिटांत ब्लँकेट चोरायला मात्र टक्क जागा!

कुठे आहे? मला काय माहीत कुठे आहे. ...माझ्या पलंगाखाली. अहो, त्याच रात्री परत द्यायलाच उचललं होतं! आमच्या बाजूला खाली पडलेलं, घडी घातली, काकूंचा जिना चढायला लागले आणि फोन बघितला—साठ हजार. साठ हजार लोकांनी पाहिलेला बिबट्या काखेत घेऊन बेल कशी वाजवायची?

व्हिडिओ पेजवरून काढून टाकला, आज सकाळीच, त्या जागी सगळं खरं लिहून माफी मागितली—नऊ जणांनी पाहिली. आणि उपयोग काय, मनालीने तो आधीच उचललाय, वर वाघाची डरकाळी लावलीय. बिबट्याला वाघाचा आवाज! सेक्रेटरींना सांगितलं ना, सांगितलं, ते म्हणाले, आता चॅनेल दारात आलंय पोरी, उद्या बघू. उद्या काय बघणार? काका नाहूरला मेहुण्याकडे आहेत, सहाच्या गाडीने गावाला चाललेत, कायमचे—इस्त्रीवाला म्हणाला, आता हय थोबाड नाय दाखवूचा, असं काका त्याला बोलले. तिकडे जाऊन शोधलं असतं, एकच स्टेशन तर लांब आहे—पण घर कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही. सतरा वर्षांत पत्ता विचारला नाही हो कोणी. मीसुद्धा नाही. आणि आता साडेपाच वाजत आले.

तुमच्या रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते लिहा. बारा सेकंदांचा देते, पूर्ण देते, गुलाबांसकट. माझं नाव लिहा—श्रुतिका, तिसरा मजला. फक्त आधी त्यांना कळू दे. टीव्हीवरून नाही, इस्त्रीवाल्याकडून नाही, माझ्या तोंडून. सगळ्यात पहिल्यांदा त्यांना, मग—

थांबा, परत लावून बघते... वाजतंय. मॅडम, वाजतंय! बंद नाहीये, रिंग जातेय... देवा, काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं हो मी... उचला ना, काका, उचला... मॅडम, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहता? प्लीज. हे तुमच्यासमोर नाही—

हॅलो? काका?

...