धुराला वाट

कायतान: बारा वाजले रे दौलत. आता विचार वयनीला. आता बोलतील.

दौलत: काय गो, सुटलं मौन?

मीराबाई: सुटलं. सकाळपासून हातवारे करून माझे खांदे दुखले. तुम्हां दोघांना काही म्हणजे काही कळू नये?

कायतान: कळलं ना! तुम्ही पाइपाकडे दाखवलं, मग वर बोट केलं, मग हात जोडले. मी दौलतला बोललो, बघ, वयनी बोलते काम एक नंबर, देवाची कृपा.

मीराबाई: कृपा कसली, कायतानभाऊ! मी थांबा म्हणत होते. हात जोडून विनवत होते. तर तुम्ही उलट मला हात जोडलेत नि पुन्हा वेल्डिंगला बसलात.

दौलत: थांबा कशाला? नीट झालाय की पाइप. खालचा जुना सायलेन्सर काढला, तिथनं नवीन पाइप फिरवला नि केबिनच्या मागनं सरळ वर नेला. धूर जाईल आभाळात.

मीराबाई: आभाळाच्या आधी मध्ये कोण बसणार आहे?

दौलत: कोण?

मीराबाई: अहो, विसर्जनाला ही गाडी रिकामी जाणार आहे का? केबिनला पाठ लावून चौरंग येणार. चौरंगावर बाप्पा. तोंड मागे, आम्हां चालणाऱ्यांकडे. तुमचा पाइप येतोय त्याच्या कानाशी. गाडी पुढे सरकली की धूर मागे फिरणार, तो थेट त्याच्या तोंडावर.

कायतान: दौलत.

दौलत: हां.

कायतान: आपण माप रिकाम्या गाडीवर घेतलं रे.

दौलत: कळलं मला. परत परत नको सांगू.

कायतान: वीस वर्षं हा माणूस देवाची गाडी चालवतो, नि माप घेताना देवच विसरला!

दौलत: तू काय करत होतास? टेप तुझ्या हातात होती.

कायतान: मी कॅथलिक माणूस, मला काय माहीत चौरंग कुठे ठेवतात? तरी बरं, नुसते टाके मारलेत. पक्कं वेल्डिंग बाकी आहे. ग्राइंडर फिरवला की सुटेल.

दौलत: काही सोडायचं नाही. राहू दे तसाच.

मीराबाई: असं काय बोलता?

दौलत: खरं तेच बोलतोय. देवाला दमा नाही. तुला आहे.

मीराबाई: अहो, वर्षभर त्याला धूप दाखवायचा नि जाताना डिझेलचा धूर द्यायचा? मला नाही बघवणार. पाइप होता तसा खाली घ्या. मी पदर लावीन नाकाला.

दौलत: गेल्या वर्षी पदरच लावला होतास ना?

मीराबाई: गेल्या वर्षी माझा उपास जास्त झाला होता.

दौलत: उपासावर नको ढकलू. धुराने पडलीस. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं, गाडीच्या मागे चालायचं नाही. मग बस ना केबिनमध्ये माझ्या बाजूला.

मीराबाई: केबिनमध्ये बसले की माझी पाठ त्याच्याकडे.

कायतान: मग वर बसा, गाडीत. बाजूला.

मीराबाई: त्याच्या बरोबरीने? नको हो. घरचा पाहुणा निघाला की आपण चालत जातो ना सोडायला, बोलत बोलत? तेवढंच करते मी. दुसरं काय येतं मला?

कायतान: माझी बायको पर्पेच्युआ अशीच होती. मोतमावलीच्या जत्रेला गुडघे धरून चढ चढायची. मी खाली सरबत पीत थांबायचो. परत आली की तिचं तोंड बघायचो. दुखत असायचं, पण तोंड असं, धुतल्यासारखं. त्याच्यावर मी काय बोलणार?

दौलत: तुझी परत यायची ना चालत? मग तुला काय कळणार.

मीराबाई: असं बोलू नये त्यांना.

दौलत: बोलणार. दोघांनी ऐका. गेल्या वर्षी मी आरशात तिचं लाल लुगडं धरून गाडी चालवत होतो. एवढी गर्दी, गुलाल, तरी ते दिसायचं. चिंचपोकळीच्या पुलाशी बघितलं तर नाही. मला वाटलं, कोणाच्या आड गेली असेल. पुन्हा बघितलं. नाही. पुढे लेझीमवाले, मागे दुसऱ्या मंडळाची गाडी, थांबवणार कुठे? देव घेऊन तसाच पुढे गेलो. हिला कोणी उचललं, कोणी पाणी दिलं, जिवंत आहे की नाही, मला चौपाटीवर जाईपर्यंत ठाऊक नाही. लोक "मोरया" ओरडत होते. माझ्या तोंडातनं एकदाही निघालं नाही.

मीराबाई: हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

दौलत: बोलायला येत नाही मला. पाइप घेऊन आलो.

(मीराबाई पदराने डोळे पुसत पाइपाकडे बघते.)

कायतान: वयनी, रडू नका हो. मौन सुटून आता कुठे बोलायला लागलात.

मीराबाई: रडत नाही. बघत होते, किती बेंड मारलेत तुम्ही लोकांनी.

दौलत: मग? पुढे काढू का धूर? बंपरच्या खालनं?

मीराबाई: पुढे लेझीमची पोरं. तीही कोणाची तरी आहेतच.

कायतान: उजव्या हाताला?

दौलत: तिथे माझी खिडकी आहे. काढ, मला चालेल.

मीराबाई: मला नाही चालणार.

कायतान: वयनी, धूर आहे तो. खिशात घालून नेता येत नाही. कुठे तरी सोडायला लागणार.

मीराबाई: थांबा जरा. गाडीचं तोंड आता लालबागकडेच आहे ना? मिरवणूक इथनं अशीच सरळ जाणार?

दौलत: हां. थेट अशीच.

मीराबाई: मग समुद्र उजव्या हाताला, वारा तिकडनं. माझी उदबत्ती गणपतीच्या दिवसांत दुपारची कधी सरळ उभी राहत नाही. गॅलरीत लावली की धूर डाव्या अंगाला पळतो. थांबा, आणते.

कायतान: उदबत्तीने सायलेन्सर टेस्ट करणारे आपणच पहिले असणार.

मीराबाई: हसा खुशाल. हे घ्या, अख्खा जुडगा पेटवलाय. गाडीवर चढा नि त्या डाव्या कोपऱ्यात धरा. अहं, एवढं वर नको. आता अगदी खाली गेलात. जिथं बाप्पाचे पाय येतील, त्याच्या जरा खाली.

कायतान: इथे?

मीराबाई: तिथेच. हलू नका. बघा हो तुम्ही पण.

दौलत: बघतोय. मागे येतच नाही आहे. बाहेरच्या बाहेर चाललाय.

मीराबाई: देवाच्या पायांच्या खालून नि माणसांच्या डोक्यांच्या वरून.

दौलत: आणि फुटपाथवरच्या कोणी पोर खांद्यावर घेतलं असेल तर?

मीराबाई: बघा, आता तुम्ही माझ्यासारखे विचार करायला लागलात.

कायतान: रस्त्याच्या मधनं चालते गाडी. फुटपाथपर्यंत काय उरतंय? नि मी पाइपाच्या तोंडाला तिरका काप देतो, थोडं वर बघेल असा. आणि ह्या बाजूला जाळी लावू. पाइप तापतो, कोणी हात टेकवायला नको.

दौलत: वारा पडला तर?

मीराबाई: पडला तर...

दौलत: मी विचारतोय तुला. खरं सांग.

मीराबाई: पडला नि छाती भरली, तर मी बाजूला होईन. कठड्यावर बसेन. तिथनं हात जोडेन त्याला.

दौलत: हट्ट करणार नाहीस?

मीराबाई: नाही. तुमच्या तोंडातनं मोरया निघायला हवं. तेवढंही नको का त्याला?

दौलत: कायतान, काप तो वरचा पाइप.

कायतान: कापला समज. पाइप तू धर, हाताला गोणपाट गुंडाळ. बेंड इथे येणार, बरोबर? टाका मारू? बघ एकदा खाली उतरून.

दौलत: बघितलं. बरोबर आहे.

कायतान: मग आता पक्कं. वयनी, वेल्डिंगची काच एकच आहे, ती मी डोळ्यांना लावतो. दौलत, तू मान तिकडे फिरव. तुम्ही घरात जा, नाय तर डोळे मिटून उभ्या राहा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. ह्या उजेडाकडे बघितलं तर आठवडाभर डोळ्यांतनं पाणी येईल.

मीराबाई: मिटले. करा तुम्ही.

(वेल्डिंगचा चरचराट बराच वेळ चालतो. मग थांबतो.)

कायतान: झालं! वयनी, उघडा डोळे. वयनी?

दौलत: हळू रे. हात जोडलेत तिने. तिचं अजून चाललंय.