मराकेताचं दुसरं नाव

हॅलो?… ताई! अगं, पुन्हा? आत्ताच तर ठेवला ना फोन… नाही, घरी नाही गेले. रांगेतच आहे.

चिलीतल्या वालपाराइसोच्या टेकडीवरच्या छोट्या चौकात नेल्दा उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्यात दोरी, दोरीला मराकेता. पाव पळवतो म्हणून पावाचंच नाव पडलेला, साऱ्या जिन्याचा कुत्रा. टेकडी चढणाऱ्या त्या लांब जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या घराघरातून त्याला खायला मिळे. मालक म्हणून सही करा म्हटलं की मात्र घराघरातले हात दुखू लागत. आता त्याने नव्या भाडेकरूची पँट फाडली होती. तक्रार गेली होती. आज इथे चिप टोचून कुणी मालक म्हणून नाव नोंदवलं नाही तर मराकेता भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या गाडीत

हो, हो… अगं ऐक ना! कळतंय मला. चावला तर दंड मला, लस मला, पट्टा मला, शी उचलायची मला… उचलीन! तुझ्या नातवंडांची नाही उचलली?

काय?… पाऊस? ताई, खिडकीबाहेर बघ. ऊन आहे. खोटं तरी धड बोल.

दुखत नाही गं चिप टोचताना. मुंगी चावल्यासारखं, ती पोरगी म्हणाली… कोण म्हणजे? कुत्र्यांची डॉक्टर, नगरपालिकेची… हो, चिप वाचायचं यंत्र आणलंय… तुला काय पडलंय गं यंत्राचं?

मराकेता, नाही! ती सोपाइपिया त्या बाईंची… गेली. भोपळ्याची अख्खी पुरी गेली, ताई! माफ करा हं, सेन्योरा…

पिसवा? कुठल्या पिसवा? लॅव्हेंडरच्या साबणाचा वास येतोय याला! खरंच, याला आंघोळ घालतं तरी कोण? मागच्या हिवाळ्यात गायब झाला आणि नसबंदी करूनच परत आला, तेव्हाही पत्ता लागला नाही. सगळा जिना पाद्रीबाबांकडे बोट दाखवत होता… हसू नकोस… हसत नाहीयेस? मग खोकतेस का?

थांब, नंबर आला आमचा. ठेवू नकोस.

यंत्र मराकेताच्या मानेवरून फिरलं, खांद्यांच्या मध्ये आलं, आणि

टीं.

नाही गं, मी नाही. यंत्र वाजलं… आहे म्हणे चिप! आधीच! कुणाच्या तरी नावावर आहे हा, आणि आपण सगळे वेडे… ताई? परत खोकतेस का?… शोधतेय ती नाव… काय म्हणालात?… परत वाचा हो, डॉक्टरबाई. मोठ्यानं वाचा!

नेल्दा कट्ट्यावर बसली. बसली कसली, कोसळली. पोटातून हसू असं उसळलं की रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या, कशाला ते माहीत नसताना.

ओर्फेलिना सेपुल्वेदा!… दुसरी कुठली आता, पत्ताही तुझाच!… 'तो घाणेरडा माझ्या उंबऱ्यावर नको' म्हणणारी कोण? त्याच्या अंगावर बादली ओतणारी कोण?… हो, हो, ती आंघोळच असणार! पाद्रीबाबांची माफी माग आधी!

अगं, ओरडत नाहीये, हसतेय… कुठे नेत नाहीत आता त्याला, ऐकतेयस ना? मालक आहे त्याला!

थांब, कुत्र्याचं नावही लिहिलंय म्हणे… एउसेबियो?

ताई… भावजींचं नाव?

हं… हं… हो गं. माणूस गेला तरी हाक मारायची सवय. ती कुठे जाणार?

पण भावजी कुठे यायचे हाकेला? जेवण गार व्हायचं!… हा येतो? पहिल्या हाकेला?… काहीतरीच! आम्ही बोलावलं की तोंड फिरवतो… बरं, मार. मार हाक. फोन धरते त्याच्या कानाशी.

धरला. पलीकडे काय म्हटलं गेलं ते नेल्दाला ऐकू आलं नाही. मराकेताचे कान ताठ झाले. मग दोरी हातात नव्हती, कुत्रा चौकात नव्हता, आणि सोपाइपियावाली बाई ओरडत होती, पळाला, पळाला, आणि नेल्दा जिन्यावर, धापा टाकत, एक चप्पल खालीच

ताई!… मोकळा सुटलाय तो!… पट्ट्याशिवाय, रस्त्यावर!… दंड तुला हं, मालकीणबाई!… अगं बोलत काय बसलीस? फोन ठेव आणि दार उघड.

भावजी येतायत!