ही म्हणजे कोण

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात फोटोग्राफरबाई सरबताच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे आजी-आजोबांचं जोडपं होतं आणि आजोबांची कुरकुर चालली होती.

“हिला ड्रॅग रेसमध्ये उतरवू नकोस. हिला आता धाप लागते.”

“धाप लागायला मी काय जिना चढतेय?”

“तू नाही गं, गाडी.”

“मग गाडी म्हणा. लग्न झाल्यापासून तुम्ही ‘ही’ म्हणालात की मी ओ देते, आणि निम्म्या वेळा तुम्ही बॉनेटशी बोलत असता.”

“वय झालंय हिचं.”

“आता कोणाचं?”

“दोघींचं.”

“असं होय? द्या ती किल्ली.”

“अगं, सरबत तरी पिऊन जा.”

“धरून ठेवा. आल्यावर पिईन.”

आजी तरातरा गेल्या. थोड्या वेळाने ट्रॅकवर धुरळा उडाला. रांग मोडून सगळे कठड्याकडे पळाले; आजोबा मात्र दोन्ही हातांत ग्लास धरून, डोळे गच्च मिटून उभे राहिले. बाईंनी कॅमेरा आजोबांवरच रोखला.

गाडी गुरगुरत परत आली.

“काय झालं गं?”

“जिंकली ही.”

“ही म्हणजे कोण?”

“ते सरबत द्या आधी. घसा कोणाचा सुकलाय ते कळेल.”