पहिल्या बाकावरची प्रार्थना

(रविवारची उपासना संपली आहे. चर्चमागच्या कपबशांच्या खोलीचं दार आतून बंद. आत ताई; बाहेर भाऊ आणि चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक.)

भाऊ : ताई, उघड दार. सगळ्यांचा चहा झाला, कप ठेवायला जागा नाही.

ताई : मी नाही येणार बाहेर. सगळे गेले की सांग.

भाऊ : कोण जातंय! सगळे तुझीच वाट बघताहेत.

ताई : अरे देवा! हसताहेत का रे?

भाऊ : पोट धरधरून.

ताई : तुला नेमकं माझ्या पाठीमागेच येऊन बसायचं होतं? मी आपली सगळ्यांपुढं उभी राहून, डोळे मिटून, हात वर करून, मोठ्यानं, 'प्रभू, माझ्या दारुड्या भावाला एक दिवस तरी तुझ्या घरात आण...'

भाऊ : आणि मी म्हटलं, 'आमेन.'

ताई : केवढ्यानं म्हणालास, मेल्या! मला वाटलं, वरूनच उत्तर आलं.

पाळक : अहो बाई, मीसुद्धा पुस्तकाआड तोंड लपवलं.

ताई : पाळकसाहेब, तुम्हीही तिथंच? निदान खूण तरी करायचीत!

पाळक : केली की. डोळे मिटलेल्या माणसाला दिसणार कशी? आणि दोन महिने मी तुम्हाला सांगायला बघतोय. दर वेळी तुमचं आपलं, 'थांबा, आधी माझ्या भावासाठी प्रार्थना करू.'

ताई : दोन महिने? काय सांगायला?

भाऊ : मी येतोय ते. मागच्या खांबाआड बसतो. आज तिथं छत गळत होतं, म्हणून पुढं आलो.

ताई : मग मला कधी दिसला कसा नाहीस?

भाऊ : तू पहिल्या बाकावर. मागं बघतेस कुठं?

ताई : ...पितोस का अजून?

भाऊ : सोडून वर्ष होत आलं. सांगायला घरी आलो होतो. तू फटीतूनच म्हणालीस, 'करतेय हो प्रार्थना तुझ्यासाठी,' आणि दार लावून घेतलंस.

ताई : असं केलं मी?

भाऊ : आजही माझं सगळं काढलंस ना, गटारात पडलो ते, बायको माहेरी गेली ते, तेव्हा उठून जाणारच होतो. कायमचा.

ताई : मग का नाही गेलास?

भाऊ : शेवटी तुझा आवाज कापला. लहानपणी मी तापानं फणफणायचो तेव्हा कापायचा ना, तसा. म्हटलं, हिला खरंच मी हवाय.

ताई : हवायसच रे! पण खरं सांगू? बायका म्हणायच्या, 'बहीण असावी तर अशी.' मला ते गोड लागायला लागलं. तू बिघडलेला होतास तोवर मी केवढी चांगली होते!

पाळक : बाई, आता तरी उघडताय ना?

ताई : उघडते. पण हसायचं नाही कुणी.

भाऊ : अगं, नाक बघ रडून कसं झालंय! टोमॅटो नुसता.

ताई : गप. ये इकडं, गाढवा. किती वाळलास रे! आज घरी जेवायला यायचं. आणि ऐक, पुढच्या रविवारी तू माझ्यासाठी प्रार्थना कर.

भाऊ : उभं राहून? तुझं सगळं काढून?

ताई : मार खाशील!

भाऊ : अगं, करतोच मी. दर रविवारी, खांबाआड बसून. मनातल्या मनात.

ताई : ...त्या खांबाआड दोघं मावतात का रे?

भाऊ : मावतात की. मी सरकतो.