स्टेशनाच्या मागे

एफी : गिरणीच्या फाटकातून खाली उतरलीस की स्टेशन. तिथून डावीकडे ब्रूस खाटकाचं दुकान. इतकं सोपं आहे.

मॉर्ना : मिसेस गिलक्राइस्ट, मी लायब्ररीत लागले त्याला दोन महिने झाले. रोज त्याच रस्त्याने जाते. स्टेशन काही दिसलं नाही मला.

एफी : दिसेल कसं? चौसष्ट साली रूळ उखडले. सुपरमार्केट आहे ना, तेच स्टेशन.

मॉर्ना : आणि गिरणी?

एफी : फ्लॅट झाले. तीस वर्षं सूत गुंडाळलं मी तिथे. आता माझ्या जागी कुणाचा तरी पलंग असेल.

मॉर्ना : खाटीक तरी आहे का?

एफी : ब्रूस जाऊन वीस वर्षं झाली. तिथे गोंदवून देतात हल्ली. अजून एक स्कोन घे, काही खाल्लंच नाहीस.

मॉर्ना : म्हणजे पाहुण्यांना लॅडरबर्न गावाचा नकाशा द्यायचा, आणि तुम्ही सांगितलेली एकही जागा आता नाही!

एफी : चर्च आहे की. आत व्यायामशाळा काढलीय. आमचा पुतण्या चर्चला नेमाने जातो, घामाघूम होऊन येतो.

मॉर्ना : मी काय म्हणते, ही जुनी नावंच छापते. सुपरमार्केटवर ‘स्टेशन’. लोकांना गंमत वाटेल.

एफी : बाकीची छाप. स्टेशन नको.

मॉर्ना : का? सगळं गाव तेच म्हणतं ना?

एफी : म्हणून तर नको.

मॉर्ना : काही झालं होतं का तिथे?

(एफी किटलीखालचा गॅस बंद करते.)

एफी : त्याच्या मागच्या बाकावर माझा नवरा बसायचा, ॲलेक. या खिडकीतून तो बाक दिसतो बघ. गेल्या फेब्रुवारीत बसल्या बसल्या छातीला हात लावून वाकला. मी इथूनच ॲम्ब्युलन्सला फोन केला. बाईने पत्ता विचारला. म्हटलं, घरी नाही तो, स्टेशनाच्या मागे बाकावर आहे, तिकडेच या. आणि फोन ठेवून पळाले.

मॉर्ना : मग?

एफी : ड्रायव्हर शहरातला. तो खऱ्या स्टेशनावर गेला, आठ मैलांवर. तिथे बाक शोधत बसला बिचारा.

मॉर्ना : अरे देवा.

एफी : चाळीस मिनिटं. ॲलेक शेवटपर्यंत थट्टा करत होता. म्हणाला, एफी, गाडी लेट आहे वाटतं.

मॉर्ना : मिसेस गिलक्राइस्ट, तुमची काय चूक त्यात?

एफी : गावात कुणी मला बोल लावला नाही. लावणार कसा? त्यांच्या तोंडूनही तेच निघालं असतं. पण फोन मी केला होता, पोरी.

मॉर्ना : मग काय लिहू तिथे?

एफी : सुपरमार्केट. ठळक अक्षरात. रस्त्याचं नावही घाल. आणि एक नकाशा मला दे, फोनशेजारी चिकटवते.

मॉर्ना : तुम्हीही आता सुपरमार्केटच म्हणता?

एफी : रोज म्हणून बघते, भांडी घासताना. काल फुलं घेऊन निघाले, तर शेजारीण म्हणाली, कुठे गं?

मॉर्ना : काय सांगितलंत?

एफी : म्हटलं, स्टेशनावर. ॲलेकपाशी.