जळालेल्या मोटारी

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. विज्ञानाच्या बाई आणि पंपांच्या कारखान्याचे साहेब बोलत होते.

“आम्ही शाळेला दिलेला सूक्ष्मदर्शक मुलं वापरतात ना, बाई?”

“कपाटात आहे. कुलपात.”

“अहो, का पण?”

“फुटला तर जबाबदार कोण? तुम्ही वर्षातून एकदा येता, तेव्हा पुसून बाहेर ठेवतो.”

“मग यंदा काय देऊ?”

“तुमच्याकडे पंपांच्या जळालेल्या मोटारी निघतात, त्या द्या. मुलं बिनधास्त खोलून बघतील.”

“भंगारावर कंपनीची पाटी कशी लावू?”

“लावूच नका. पाटी दिसली की मुख्याध्यापक कुलूप शोधायला लागतात.”

निवृत्त मुख्याध्यापकांनी हातातलं वर्तमानपत्र हळूच तोंडासमोर धरलं.